‘या गायकीने माझा गळा बिघडेल का?’

शांघायमध्ये संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी मी समुपदेशक म्हणून काम करते. पाश्चात्त्य पद्धतीने गळा तयार होत असताना मध्येच चिनी ऑपेरा गायलो, तर आजवरची मेहनत वाया जाईल का, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. महाराष्ट्रातले पालकही मला हेच विचारतात, त्यांच्या बोलण्यात फक्त ख्याल आणि नाट्यगीत असतं. म्हणून एका मुलीबद्दल लिहिते आहे, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती तिसऱ्या वर्षाला होती. बेल कांतो ही इटालियन गायकी शिकत होती. त्या सत्रात तिने जिंगजूचा, म्हणजे पेकिंग ऑपेराच्या गायनाचा वर्ग घेतला. तिच्या वाट्याला ‘छिंगयी’ आली. सोशीक, कुलीन नायिकेची ही भूमिका बारीक, खोट्या आवाजात गातात. काही आठवड्यांतच तिचे वरचे सूर लागेनासे झाले, सकाळी घसा बसू लागला. बेल कांतो शिकवणाऱ्या तिच्या मूळच्या बाईंनी सुनावलं, “असा गळा आवळून गात राहिलीस तर एक दिवस तो मिटेल.” माझ्यासमोर ती जवळजवळ कुजबुजत बोलत होती. गाणंच सोडावं, असं तिच्या मनात येत होतं.

तिला एकाच वेळी तीन गोष्टींची भीती वाटत होती: गळ्याची, परीक्षेची आणि बाईंची मर्जी जाण्याची. त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गळ्याचं उत्तर समुपदेशकाने देऊच नये. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यायलाच हवेत, गाणं कुठलंही असो. तिच्या तपासणीत सूज दिसली, गाठी नव्हत्या. डॉक्टरांनी आधी विश्रांती आणि मग हळूहळू सराव सांगितला.

मग आम्ही तिचा दिवस तासातासाने मांडला. खरी गोम तिथे सापडली. पहाटे उघड्यावर जाऊन ती पूर्ण ताकदीने ‘ई’ आणि ‘आ’ लावत होती. असा मोकळ्या हवेत आवाज लावण्याला ‘हानसांग’ म्हणतात; ती नटांची जुनी मेहनत आहे, पण हिने ती व्हिडिओ बघून उचलली होती. वर्गात तिला कुणी ती सांगितलेली नव्हती. संध्याकाळी ती एका मुरलेल्या गायिकेच्या ध्वनिमुद्रणाबरोबर, तिच्याच पट्टीत गायची. जिंगजूत तर पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरते. साथीचं जिंगहू हे दोन तारांचं, टोकदार आवाजाचं वाद्य गायकाला सोसेल तसं लावून घेतात. भर म्हणजे या दोन्हींच्या मध्ये, विश्रांती न घेता, बेल कांतोचा तास.

दोन्ही गायक्या गळ्याकडून वेगवेगळं काम मागतात, हे खरं आहे. बेल कांतोत खालचा आणि वरचा आवाज सांधा कळणार नाही असा जोडायचा असतो. जिंगजूत आवाज भूमिकेवरून ठरतो: दाढीवाला प्रौढ पुरुष आणि म्हातारी खऱ्या आवाजात गातात, छिंगयी खोट्या आवाजात. लांब धरलेल्या सुरातलं कंपनही (व्हायब्रेटो) वेगळं असतं. बेल कांतोत ते सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतं, जिंगजूत बरंच संथ. पण घरी मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाची जीभ जशी बिघडत नाही, तसाच गळाही दोन सवयी सांभाळू शकतो. दोन्हींना स्वतंत्र वेळ मात्र द्यावा लागतो.

तिच्या संमतीने मी जिंगजूच्या शिक्षकांशी बोलले. त्यांनी गाणं थांबवून तिला आधी संवाद म्हणायला लावले. शब्दाचं डोकं, पोट आणि शेपूट वेगवेगळं उच्चारायचं, लांब ताणलेल्या सुरातही शब्द शेवटी नीट मिटवायचा, आणि चिनी उच्चारातला चढ-उतार चालीत हरवू द्यायचा नाही. मला वाटतं, संगीताच्या विद्यार्थ्यांनी ऑपेराकडून सगळ्यात आधी हेच घ्यावं. ही मुलगी चिनी गाणी इटालियन स्वरांच्या गोलाईत गायची आणि तिच्याच भाषेच्या श्रोत्यांना शब्द कळत नसत. ती उणीव बारीक आवाज न लावताही भरून निघणार होती.

छिंगयीत नाव कमावलेल्या चेंग यानछ्यू (1904-1958) या पुरुष नटाबद्दल आम्ही बरंच बोललो. वयात येताना त्यांचा आवाज फुटला, आणि त्याच दिवसांत त्यांचे गुरू त्यांना कार्यक्रमांना पाठवू पाहत होते. 1917 मध्ये एका हितचिंतक कवीने पैसे भरून त्यांना गुरूंबरोबरच्या करारातून सोडवलं. गळ्याला सवड मिळाली. पूर्वीचा मोकळा, झळाळता आवाज परतला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजातून त्यांनी आत वळलेली, धाग्यासारखी बारीक होत जाणारी स्वतःची गायकी घडवली. मराठी वाचकाला इथे कुमार गंधर्व आठवतील. तिला या गोष्टीतला विश्रांतीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला. थांबणं म्हणजे हरणं, असंच ती आजवर समजत आली होती.

बाईंचा प्रश्न उरला होता. देशी गळा की विलायती, हा वाद चीनच्या संगीतक्षेत्रात 1950 च्या सुमारास जाहीरपणे झडला होता. लहानपणी शान्शी प्रांतातलं ऑपेरा शिकलेल्या ग्वो लानयिंग पुढे नव्या चिनी संगीतनाटकांच्या आघाडीच्या गायिका झाल्या. बाईंची नाराजी आपल्यामुळे जन्मलेली नाही, ती आपल्याहून जुनी आहे, हे कळल्यावर मुलगी सैलावली. बाईंशी काय बोलायचं याची तालीम आम्ही माझ्या खोलीत केली. काय करते आहे ते लपवायचं नाही, डॉक्टरांचा कागद दाखवायचा आणि “तुम्ही ऐकून सांगा” अशी विनंती करायची.

बाईंनी ऐकलं. सत्राच्या शेवटी तिने परीक्षेत चिनी गाणी गायली, तेव्हा शब्द स्वच्छ आल्याचं त्यांनीच तिला सांगितलं. वरचे सूर परत आले आहेत. पहाटेचा आरडाओरडा बंद आहे. संवादाचा वर्ग तिने पुढच्या सत्रातही ठेवला. छिंगयी ती आता खालच्या पट्टीत आणि बेल कांतोचा तास नसेल त्याच दिवशी गाते. बाईंना तो बारीक आवाज अजूनही आवडत नाही, आणि ती त्यांच्याकडे न चुकता शिकायला जाते.