संगणक-शंका : ‘पिंग’ गेलं कुठे?

प्रश्न : मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात म्हणून घरच्या विंडोज ११ वर मिंगडब्ल्यूची (सीसाठी लागणाऱ्या साधनांची) झिप उतरवून सी ड्राइव्हवर उघडली. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘जीसीसी’ (सीचा कंपायलर) लिहिलं की ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ असं यायचं. शेजारच्या मुलाने फोनवर सांगितलं तसं ‘पाथ’मध्ये (संगणक कमांड ज्या फोल्डरांत शोधतो त्यांच्या यादीत) जाऊन, ब्राउझ करून फोल्डर दिलं. जीसीसी चालू झालं, पण आता नेटवर्क तपासायच्या पिंग आणि आयपीकॉन्फिग या कमांडना तोच संदेश येतो. तो मुलगा ‘व्हेअर ही कमांड वापरून शोधा’ म्हणाला, तर संगणक व्हेअरलाही ओळखत नाही! दुकानदार म्हणतो, विंडोज बिघडलंय, फॉरमॅट करा. पाथच्या खिडकीचा फोटो जोडला आहे. — एक पालक, नेरूळ

उत्तर : फॉरमॅट अजिबात करू नका. फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण सगळं त्यातच आहे. यादीत पहिल्या ओळीवर मिंगडब्ल्यू६४ मधलं ‘बिन’ फोल्डर दिसतंय. त्याखाली टक्क्यांच्या चिन्हांत ‘सिस्टिमरूट’, मग डब्ल्यूबेम, मग पॉवरशेल, ही विंडोजचीच फोल्डरं. सिस्टिम३२ ची ओळ मात्र कुठेच नाही. ती बहुधा सगळ्यात वर होती आणि तिच्याच जागी जीसीसी जाऊन बसलंय. या खिडकीत एखादी ओळ निवडलेली असताना ‘ब्राउझ’ दाबलं, तर नवं फोल्डर यादीत वाढत नाही, निवडलेली ओळ बदलते. आधी ‘न्यू’ दाबून रिकामी ओळ घ्यायची, मग ब्राउझ. शेजारच्या मुलाला दोष देऊ नका. ज्याने कुणी ही खिडकी बनवली त्याला द्या.

आता त्या संदेशाबद्दल, कारण त्यातले ‘इंटर्नल’ आणि ‘एक्स्टर्नल’ हे दोन शब्द सगळे जण वाचून सोडून देतात. डीआयआर, सीडी, सीएलएस, कॉपी, एको ही मंडळी कमांड प्रॉम्प्टच्या पोटातच असतात. ती तुमच्याकडे आजही चालत असणार, करून बघा. पिंगचं तसं नाही. पिंग ही स्वतंत्र फाइल आहे, पिंग डॉट ईएक्सई, आणि ती विंडोजमधल्या सिस्टिम३२ फोल्डरात राहते. असं नाव लिहिलं की कमांड प्रॉम्प्ट आधी तुम्ही उभ्या असलेल्या फोल्डरात बघतो आणि मग पाथमधल्या फोल्डरांत, एकामागून एक. कुरिअरवाल्याला चार सेक्टरांची यादी दिली तर पाचव्या सेक्टरातलं घर त्याच्या लेखी नसतंच, तसं हे. फाइल जागच्या जागी आहे. सी ड्राइव्हपासून सुरू करून विंडोज, सिस्टिम३२, पिंग डॉट ईएक्सई असा पूर्ण पत्ता लिहिलात तर आत्ताही चालेल. एवढं दुकानदाराला करून दाखवा.

आणि व्हेअरची गंमत अशी, की सल्ला एरवी शंभर टक्के बरोबर. कुठला प्रोग्रॅम कुठून उचलला जातोय हे व्हेअर नेमकं सांगतो. पण व्हेअर हीसुद्धा फाइलच, आणि तीही सिस्टिम३२ मध्ये! अशा वेळी नुसतं ‘पाथ’ लिहून एंटर मारायचं. ती पोटातली कमांड असल्याने यादी काहीही झालं तरी दिसते.

दुरुस्ती अशी. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट’ लिहून शोधा. ‘एडिट द सिस्टिम एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’ उघडा आणि खालचं ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’ हे बटण दाबा. वरचा भाग फक्त तुमच्या खात्याचा, खालचा सगळ्या संगणकाचा. खालच्या भागातलं ‘पाथ’ निवडून ‘एडिट’, मग ‘न्यू’. टक्क्याचं चिन्ह, सिस्टिमरूट, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, उलटी तिरकी रेघ, सिस्टिम३२ (हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत). ‘मूव्ह अप’ दाबत ही ओळ सगळ्यात वर न्या. जीसीसीची ओळ तशीच राहू द्या, फक्त ती शेवटी न्या. बाहेरून आणलेल्या वस्तूंनी विंडोजच्या पुढे उभं राहू नये असं माझं मत आहे. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर आधी सापडेल ती चालते. मग उघडलेल्या प्रत्येक खिडकीत ‘ओके’ करत बाहेर या. नुसतं फुलीवर बंद केलंत तर काहीच जपलं जाणार नाही.

त्यानंतर आधीपासून उघडा असलेला कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडा. नौपाड्यातल्या माझ्या क्लासात निम्मी पोरं इथेच अडकतात. ‘सर, केलं तरी होत नाही’ म्हणतात आणि जुन्याच खिडकीत पुन्हापुन्हा तीच कमांड मारत बसतात. उघडताना मिळालेली यादीच खिडकी शेवटपर्यंत वापरते. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅममधलं टर्मिनल वापरत असाल तर सबंध व्हीएस कोड बंद करून उघडा.

मुलीची पुढची अडचण आत्ताच सांगून ठेवतो. जीसीसीला नाव दिलं नाही तर तो ‘ए डॉट ईएक्सई’ बनवतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘ए’ लिहिलं की ती चालते, पॉवरशेलमध्ये (विंडोजचीच आज्ञा टाइप करायची दुसरी सोय) चालत नाही. पॉवरशेल उभ्या फोल्डरातलं आपणहून उचलत नाही. तिथे आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. विंडोज ११ चं टर्मिनल मुळात पॉवरशेलच उघडतं, तेव्हा हे होणारच. आणि कुणी ‘सेटएक्स’ने एका ओळीत पाथ बदलून देतो म्हणालं तर नको म्हणा. ती कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, आणि एवढी लांब यादी सहज होते.

प्रश्न : जुना इंटेलचा मॅक देऊन एम मालिकेतल्या चिपचा घेतला. होमब्रू (मॅकवर कमांडने प्रोग्रॅम बसवायचं साधन, त्याची कमांड ‘ब्रू’) नव्याने टाकलं, तरी ‘कमांड नॉट फाउंड : ब्रू’. — घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : इंटेल मॅकवर होमब्रू ‘यूएसआर, लोकल’मध्ये बसायचं आणि तिथलं ‘बिन’ पाथमध्ये आधीच असायचं. तुमच्या नव्या मॅकवर ते ‘ऑप्ट, होमब्रू’मध्ये बसतं आणि ते यादीत नसतं. इन्स्टॉलर अगदी शेवटी ‘नेक्स्ट स्टेप्स’ म्हणून दोन-तीन ओळी छापतो, त्या तशाच्या तशा चालवायच्या असतात. त्या झेडप्रोफाइल या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पाथची नोंद करतात. ओळी निसटल्या असतील तर इन्स्टॉलर पुन्हा चालवा, परत छापेल.

प्रश्न : ऑफिसच्या जुन्या टिपणांत ‘टेलनेट’ या कमांडने दुसऱ्या संगणकाचं पोर्ट (जोडणीचं क्रमांक असलेलं दार) उघडं आहे का ते तपासायला सांगितलंय. घरी ती कमांडच नाही. पाथ तपासला, ठीक आहे. — ऐरोली

उत्तर : पाथचा संबंध नाही. विंडोज व्हिस्टापासून टेलनेट मुळात बंदच असतो. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘टेलनेट क्लायंट’वर खूण करा. खरं तर तेही नको. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ आहे, त्यालाच पोर्ट द्या. उत्तरात ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’समोर ट्रू आलं की पोर्ट उघडा.