तख्त उलटलं की पेपर लगेच खरं बोलायला लागतो का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरला रामबागेत राहतो, मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी पोहे-जलेबी आणि पेपर एकदमच घरात येतात आणि मग आजोबांशी माझं वाजतं. ते म्हणतात ७७ साली सरकार पडलं आणि पेपर एका रात्रीत मोकळे झाले, उठाव झाला की सगळीकडे तसंच होतं. मी म्हणतो इजिप्त, ट्युनिशियात कुठे टिकलं? कोण बरोबर?

उत्तर: आजोबा ७७ बद्दल बरोबर आहेत, "सगळीकडे" म्हणाले तिथे चुकले. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे पोहे संपल्यावरच वाचून दाखव.

आणीबाणी होती २१ महिन्यांची. तेवढ्यात वार्ताहर घाबरले, बरेचसे तर रांगलेच ("वाकायला सांगितलं तर तुम्ही रांगलात" हे अडवाणींचं वाक्य आजोबांना पाठ असेल), पण काम विसरले नव्हते, ७४ मध्ये मंत्र्याला आडवे प्रश्न विचारणारा माणूस ७७ मध्येही त्याच टेबलावर बसलेला होता. आता ट्युनिशिया बघ, बेन अली २३ वर्षं सत्तेत, इजिप्तमध्ये मुबारक जवळजवळ ३० वर्षं, म्हणजे नोकरीला लागून रिटायर व्हायला आला तरी ज्यानं सत्तेला एक धड प्रश्न विचारला नाही असा वार्ताहर, आणि २०११ मध्ये उठाव होऊन दोघंही गेल्यावर त्याला अचानक सांगितलं की हं, आता लिही काय लिहायचंय ते. काय लिहिणार बिचारा?

अल-अहराम हा इजिप्तचा १८७५ पासूनचा पेपर, सरकारी मालकीचा. २५ जानेवारी २०११ ला कैरोच्या तहरीर चौकात एवढी गर्दी उसळली आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पहिल्या पानावर मोठी बातमी कसली, तर लेबनॉनमधल्या निदर्शनांची! मग ११ फेब्रुवारीला मुबारक गेले आणि १२ तारखेला त्याच पेपरची भलीमोठी हेडलाइन, जनतेनं राजवट पाडली. अठरा दिवसांत एवढी पलटी आपले आमदारही मारत नाहीत. पण मालक तोच राहिला रे, सरकार, म्हणून पुढे जो जो खुर्चीत आला त्याची आरती सुरू, आणि २०१३ मध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर तर पत्रकारांची रवानगी थेट तुरुंगात.

ट्युनिशियाची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते, कारण त्यांनी खरंच प्रयत्न केला. तिथे जुन्या राजवटीत सरकारी जाहिराती वाटणारी एक वेगळी संस्था होती, गोड लिहिलं तर जाहिरात, तिखट लिहिलं तर ठणठणगोपाळ. उठावानंतर ती बंद केली, नवे पेपर धडाधड निघाले आणि बरेचसे तसेच धडाधड बंदही पडले, कारण सेन्सॉर गेला तरी कागदाचं आणि छपाईचं बिल कोण भरणार हा प्रश्न तिथेच होता. २०११ मध्येच प्रेससाठी नवे कायदे केले पण सरकार ते लागूच करेना, वर २०१२ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्र संस्थेवर माजी पोलीस अधिकारी संचालक म्हणून नेमला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये देशभरातल्या पत्रकारांनी संप केला. जे काही मिळालं ते असं भांडून, हळूहळू. मग टीव्ही चॅनेलचे मालकच राजकारणात उतरले, नेस्मा टीव्हीवाले नबील करुई २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेले, हरले कैस सईदकडून. आणि ह्याच सईदनी २०२२ मध्ये अध्यादेश ५४ आणला, "खोटी बातमी" दिली तर पाच वर्षं कैद, सरकारी माणसाबद्दल असेल तर दहा. खोटी कुठली हे ठरवणार कोण ते तू समज.

नेपाळचं ताजंच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियावरच्या बंदीवरून पोरं रस्त्यावर आली आणि ९ तारखेला काठमांडूत कांतिपूर ह्या तिथल्या मोठ्या पेपरचीच इमारत जळली. म्हणजे बोलायचं स्वातंत्र्य मागता मागता पेपरचंच ऑफिस पेटलं, उठाव झाला की पत्रकार आपोआप हिरो होतो असं नाही, लोकांच्या नजरेत तो जुन्या व्यवस्थेचाच माणूस असू शकतो.

तर वाद थोडा बाजूला ठेव आणि एक काम कर, महिनाभर तुमच्याच घरातल्या पेपरला फूटपट्टी लाव, सरकारी जाहिरातींची जागा किती, बिल्डरांची किती, आणि त्यांच्याबद्दल वाकडी बातमी कितीदा आली ते वहीत लिही. आजोबांनाही बसव सोबत, ७५ चे पेपर त्यांनी वाचलेत, कुठली बातमी यायला हवी होती आणि आली नाही हे तुझ्याआधी त्यांना दिसेल.