‘पोटात थोडे जंत असलेले बरे’ : वाचकांचे प्रश्न

‘अतिस्वच्छतेनेच अ‍ॅलर्जी होते, पोटात थोडे जंत हवेतच’ असा एक निरोप मोबाइलवर फिरतोय. महिनाभर पत्रं त्याचीच.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला मातीत खेळू द्यावं का?

द्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा.

प्रश्न : शाळेतली जंताची गोळी टाळली तर दमा होत नाही, असं शेजारी म्हणतात.

तुमच्या मुलाच्या पोटात कोणता जंत आहे हे शेजाऱ्यांना दिसतं का? अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब 2006 साली मांडला गेला. अंकुशकृमी असलेल्यांत दमा कमी दिसला, गोल जंत असलेल्यांत जास्त. शिवाय अंकुशकृमी रक्त पितो, पोर पांढरंफटक पडतं. गोळी द्या. त्या दिवशी मूल आजारी असेल तर आरोग्य सेविकेला आधी विचारा.

प्रश्न : गोठ्यात वाढलेल्यांना दमा होत नाही म्हणे. सात वर्षांच्या मुलाचा पंप बंद करून त्याला गावी ठेवू का?

गावी खुशाल न्या. पंप दप्तरात हवाच. अमेरिकेत आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. गोठ्याशी रोजचा संबंध असलेल्या आमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के, यंत्रांनी शेती करणाऱ्या हटराइटांत 21. पण तो सहवास तान्हेपणापासूनचा. जडलेला दमा गोठ्याने बरा होतो, असं त्यात कुठेही नाही. उलट कडब्याच्या धुळीने धाप लागेल. पंपाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रश्न : मला क्रोन्स (आतड्यांना वारंवार सूज येण्याचा आजार) आहे. स्टिरॉइड सोडून परदेशातून जंतांची अंडी मागवावीत का?

नाही, आणि इथे जरा सविस्तर बोलतो. डुकरातल्या एका जंताची अंडी पाजून 2005 च्या सुमारास अमेरिकेत थोड्या रुग्णांना आराम पडला. मोठ्या चाचण्यांत मात्र ती नुसत्या खोट्या औषधापेक्षा सरस ठरली नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते. अर्जेंटिनात जंत असलेल्या अशा 12 रुग्णांचा आजार थंडावलेला दिसला. त्यातल्या चौघांना जंतांचं औषध द्यावं लागलं, तेव्हा तो पुन्हा उसळला. म्हणजे जंत आपली प्रतिकारशक्ती दबवतात, हे खरं. ते स्वतःच्या बचावासाठी! विक्रेते एवढंच अर्धं सांगून बाटली खपवतात. उरलेलं अर्धं असं : स्ट्राँजिलॉइडिस नावाचा जंत माणसात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टिरॉइड सुरू झालं की अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. तेव्हा बाहेरून जंत आणण्याऐवजी, आधीच आत कुणी बसलंय का, याची तपासणी पोटविकारतज्ज्ञांकडून करून घ्या. स्टिरॉइड एकदम तोडणं वेगळंच संकट. दोन्ही निर्णय त्यांच्यासमोर बसून घ्या.

प्रश्न : गोंदियात राहतो. रात्री कोरडा खोकला, धाप. रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत किंवा जंतांमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 4,000. चार महिने मेडिकलवाल्याच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेतोय.

चार महिने! तुमचा भाग हत्तीरोगाचा. त्याच्या जंतांमुळे असाच, हुबेहूब दम्यासारखा त्रास होतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. निदान मी पत्रावरून करणार नाही. तो कागद घेऊन उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे जा.