मायक्रोस्फिअरचा विषय घेऊ का?

प्रश्न: मी सांगलीची, एम.फार्म.ला (फार्मास्युटिक्स) आहे. गाईडनी प्रोजेक्टसाठी ‘पीएलजीए मायक्रोस्फिअरमध्ये ऑक्ट्रिओटाइडचं स्थैर्य’ हा विषय सुचवलाय (म्हणजे पीएलजीए या शरीरात हळूहळू तुटणाऱ्या पॉलिमरच्या बारीक गोळ्यांत कोंडलेलं ऑक्ट्रिओटाइड हे पेप्टाइड औषध, अमिनो आम्लांची छोटी साखळी, कितपत टिकतं). सीनियर म्हणतात, टॅब्लेटचं काहीतरी घे आणि मोकळी हो. माझी केमिस्ट्री कच्ची आहे, घरच्यांना नोकरीची घाई आहे. काय करू?

उत्तर: विषय घे. पण सगळाच्या सगळा अंगावर घेऊ नकोस.

सीनियर उगाच घाबरवत नाहीयेत. असे गोळे महिनाभर औषध सोडणाऱ्या इंजेक्शनसाठी असतात, आणि त्याची रिलीज टेस्टच (औषध किती वेगाने बाहेर येतं ती चाचणी) महिना खाते. ती दोन-तीनदा बिघडली की सत्र संपलं. तापमान वाढवून घाई करावी, तर पॉलिमर मऊ पडतो आणि औषध वेगळ्याच वाटेने बाहेर येतं. पेप्टाइडही महाग. म्हणून गोळे बनवण्याच्या मागे लागू नकोस. आत गेल्यावर पेप्टाइडचं काय होतं, तेवढंच धर.

पीएलजीए पाण्याने तुटतं, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल तयार होतं. बरीच मुलं इथेच थांबतात आणि आम्ल मारायला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालतात. ऑक्ट्रिओटाइडचं दुखणं निराळं आहे. त्याच्या आठ अमिनो आम्लांच्या साखळीत दोन मोकळे अमाइन (नायट्रोजन असलेले गट) आहेत, एक टोकाला आणि एक लायसिनवर. ते पॉलिमरच्या एस्टर बंधांवर तुटून पडतात आणि पॉलिमरचा तुकडा औषधालाच चिकटतो. हे अ‍ॅसिलेशन. एलसी-एमएसवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) औषधाचं वस्तुमान 58 ने वाढलं तर तो तुकडा ग्लायकोलिकचा, 72 ने वाढलं तर लॅक्टिकचा. आम्ल मारलंस तर अमाइनला उलट जोर चढतो! ल्युप्रोलाइड या दुसऱ्या पेप्टाइड औषधाचं अमाइनचं टोक मुळातच बंद आहे आणि त्यात लायसिनही नाही. त्याचं महिन्याचं डेपो इंजेक्शन अमेरिकेत 1989 मध्येच मंजूर झालं, हे लक्षात घे.

अ‍ॅसिलेशनच्या आधी पेप्टाइड पॉलिमरच्या आम्लगटांना जाऊन बसतं. कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार तिथे आडवे येतात, हे प्रसिद्ध झालेलं काम आहे. ते शोधून वाच. मग छोट्या कुप्यांत पेप्टाइडचं द्रावण, पॉलिमरची पूड आणि वेगवेगळे क्षार घालून 37 अंशांवर ठेव, ठरल्या दिवशी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) टाक. मिलिग्रॅममध्ये भागतं. शेवटी वेळ उरलाच तर मायक्रोस्फिअरची एखादी बॅच कर.

केमिस्ट्रीचं म्हणशील तर इथे एस्टर आणि अमाइन एवढी दोनच प्रकरणं लागतात. बारावीचं पुस्तक माळ्यावरून काढ, लाजू नकोस.

घरच्यांना सांग, टॅब्लेटवर प्रोजेक्ट केला तरी पदवी त्याच दिवशी मिळणार आहे. मुलाखतीत मात्र ‘हा जास्तीचा पीक (आलेखावरचा उंचवटा) कशाचा?’ या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर असेल, आणि अ‍ॅनालिटिकलवाल्यांना तेच माणूस हवं असतं.

सिनॉप्सिस भरण्याआधी गाईडना एक विचारून घे: कॉलेजात एलसी-एमएस नसेल, तर नमुने बाहेर तपासायचे पैसे कोण भरणार?