सिझेरियननंतर टाक्यांवर गर्भजल लावलं तर जखम लवकर भरते का?

तुमच्या बहिणीचं सिझेरियन ठरलंय आणि गर्भजल जपून ठेवून टाक्यांवर लावायचा सल्ला तिला कुणीतरी दिलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी प्रसूतितज्ज्ञ आहे. माझं उत्तर 'नको' असं आहे.

गर्भपिशवीला छेद दिला की पाणमोट फुटते आणि गर्भजल भसकन बाहेर येतं. दिवस भरलेले असतील तर साधारण अर्धा ते पाऊण लिटर. नळीने ते कितीही ओढून घेतलं तरी पोटाच्या कापलेल्या कडा त्यात भिजतातच. म्हणजे तुम्ही म्हणताय तो प्रयोग जवळपास प्रत्येक सिझेरियनमध्ये आपसूक होतो, आणि तरी टाके भरायला लागायचा तेवढा वेळ लागतोच!

कल्पना अगदीच हवेतली नाही. गर्भजल बहुतांशी पाणीच, पण त्यात पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं, हायलुरोनिक आम्ल, जंतूंना रोखणारं लायसोझाइम असतं. शिवाय गर्भाच्या कातडीला सुरुवातीच्या महिन्यांत जखम झाली तर ती व्रण न राहता भरते. त्याचं श्रेय लोक गर्भजलाला देतात. पण 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या मेंढीची कातडी गर्भातल्या कोकराच्या अंगावर बसवून तिथे जखम केली, तर त्याच पाण्यात राहूनही व्रण उरला. किमया मुख्यतः गर्भाच्या कातडीची होती.

धोका मात्र खरा आहे. पाणमोट फुटून बरेच तास गेले असतील तर त्या पाण्यात जंतू शिरलेले असू शकतात. कधी बाळाने आतच शी केलेली असते. आणि बाटलीत भरून ठेवलेलं गर्भजल म्हणजे जंतूंना आयतं खाद्य.

पाणमोटीचा पातळ पडदा ही वेगळी गोष्ट. भाजलेल्या जखमांवर आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत तो खरोखर वापरतात. पण दात्या आईच्या रक्ताच्या तपासण्या करून, पडद्यावर प्रक्रिया करून. बहुधा या दोन गोष्टींची कुठेतरी गल्लत झाली असावी.

बहिणीला मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं जखमेसाठी कितीतरी जास्त मोलाचं. छेद देण्याआधी अँटिबायोटिक देणार ना, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. घरी आल्यावर टाके कोरडे ठेवायचे, वर काही चोपडायचं नाही. लाली पसरू लागली, पू किंवा वास येऊ लागला, ताप चढला, तर त्याच दिवशी दाखवा.