सगळ्यांची पेनं चालू हवीत

प्रश्न : ताई, मी 12-13 वर्षांच्या मुलींना शिकवते. पाळीबद्दल गटचर्चा घेतली. तक्ता लावून गर्भाशय, बीजकोश सगळं समजावलं. शेवटी ‘काही शंका?’ विचारलं, तर सगळ्यांच्या माना खाली. अशाने चर्चा व्हायची कशी? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुम्ही हा विषय हातात घेतलात याचाच मला फार आनंद झाला. मुलींना शंका नाहीत असं समजू नका. सगळ्यांदेखत हात वर करणं त्या वयात जिवावर येतं.

मी परिचारिका आहे. अशी सत्रं घ्यायला लागले तेव्हा ‘ज्यांना विचारायचंय त्यांनी चिठ्ठी लिहा’ म्हटलं. दोघींनी पेन उचललं, बाकीच्या वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या. दोघींनी पेनं खाली ठेवली. तेव्हापासून चिठ्ठी सगळ्यांनी लिहायची. शंका नसेल तिने आठाचा पाढा लिहायचा. पाच मिनिटं सगळ्यांची पेनं चालू. चिठ्ठ्या तिथेच वाचू नका, मुली एकमेकींचं अक्षर ओळखतात. घरी वाचा, प्रश्न तुमच्या शब्दांत मांडा आणि चिठ्ठ्या फाडून टाका.

पुढच्या वेळी 8-10 जणींना गोल बसवा. ‘तुला काय होतं?’ असं कुणालाच विचारू नका. ‘एकीची पाळी लांबलीय, तिला मैत्रिणीने काय सांगावं?’ असं विचारा. त्या मुलीच्या वतीने सगळ्या बोलतात. मग तुम्ही सांगा, की सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून पाळी 21 ते 45 दिवसांत कधीही येऊ शकते. तीन महिने आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

‘एवढं रक्त गेलं तर संपणार नाही का?’ ही चिठ्ठी मला हमखास येते. त्यासाठी एक पॅड, लाल रंगाचं पाणी आणि 15 मिलिलिटरचा चमचा न्या. आधी अंदाज विचारा. कुणी ग्लासभर म्हणेल, कुणी तांब्याभर. मग मुलींच्याच हातून तीन चमचे ओतून घ्या. बहुतेकींच्या अख्ख्या पाळीत साधारण एवढंच जातं. ‘एवढंच?’ म्हणत सगळ्या पुढे सरकतात, आणि तिथून चर्चा आपोआप सुरू होते. घरी कुणी मोजत बसत नाही, म्हणून खूण सांगा : तासा-दोन तासाला पॅड भिजतोय किंवा सात दिवसांनंतरही जातंय, तर मोठ्यांना सांगायचं. दुखण्याचंही तसंच. थोड्या कळा येतात, शेकाने बरं वाटतं. पण दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ‘सोसायचं असतं’ हे उत्तर देऊ नका. त्यावर औषध आहे.

आणि पाढ्याच्या चिठ्ठ्याही नीट बघा. एकदा पाढ्याखाली बारीक अक्षरात होतं, ‘सगळ्यांना आली, मलाच नाही.’ मी पुढच्या वेळी गटातच सांगितलं, की कुणाला नवव्या वर्षी येते, कुणाला पंधराव्या. पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तरच तपासून घ्यायचं. कुणाकडेही न बघता सांगितलं.