मुठीचा जोर आणि हृदय

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, वजन ७४ किलो. क्लासच्या शिबिरात यंत्राची मूठ दाबायला लावली, २४ किलो आले. ‘हृदय कमजोर आहे’ म्हणाले. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.
– एक आई, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, आधी जेवून घ्या. असं एका दाबण्यावरून सांगणाऱ्याचा मला रागच येतो. त्या यंत्राला हृदय दिसत नाही, स्नायूंचा जोर तेवढा कळतो. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पकड कमी तिथे हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले. पण ती माणसं ३५ ते ७० वयाची. मुलांमध्ये पकड वजनाच्या तुलनेत बघतात, आणि तुमच्याकडे ती कमीच आहे, हे खरं. म्हणून कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी तपासून घ्या. स्प्रिंगचा हँडग्रिप मात्र आणू नका. नुसती मूठ पिळून रक्तातली साखर हलत नाही. माझे वडील मागावर होते, त्यांचा हात हातात घेतला की बोटं कळवळायची. तुमच्या मुलाला जोर-बैठका, दोरीउड्या सुरू करू द्या. आणि पिण्याच्या पाण्याच्या घागरी आता त्यालाच जिन्यावरून आणायला लावा.